पेटी नंबर एक्केचाळीस

मर्लिसच्या तव्यासमोर कुणीही नव्हतं. शेजारच्या तव्यावर अग्निशमन दलाचा म्हातारा प्रमुख पॅनकेक करपवत होता, तरी त्याच्यापुढची रांग दारापर्यंत गेली होती.

बर्फ वितळलं की एका रविवारी शाळेच्या जेवणघरात सगळ्या गावाचा नाश्ता, आणि शाळा मंडळाच्या सभासदांनी तव्यापाशी उभं राहायचं, ही जुनी वहिवाट. पण ज्या तिघांनी शाळा बंद करायला हात वर केला होता, त्यांतल्या एकाला आज नेमकी सर्दी झाली, दुसऱ्याकडे पाहुणे टपकले. तिसरी मर्लिस. ती आली.

एकतीस मुलं आणि दर हिवाळ्यात दगा देणारा बॉयलर. त्यापेक्षा मुलांनी बसने बावीस मैलांवरच्या मोठ्या शाळेत जावं, असं तिला वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. पण आता तिला कुणी विचारत नव्हतं.

दाराशी ड्वेन हॉगने टेबल मांडलं होतं. या तिघांना मुदतीआधीच मंडळावरून काढायला मतदान घ्या, असा अर्ज होता. सह्या हव्या होत्या एकशे नव्वद, आणि कागद उद्या पाचच्या आत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत पोचवायचे होते. एकदा फेटाळला की वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

ड्वेन ताटली घेऊन थेट तिच्याकडेच आला. याच शाळेत दोघं एका बाकावर बसत.

"दोनशे बारा झाल्या," तो म्हणाला आणि कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे धरला. "बघ बाई, तुझं नाव तरी बरोबर लिहिलंय ना? नंतर तक्रार नको."

मर्लिसने पाहिलं. नाव बरोबर होतं. चुकलं होतं ते भलतंच. नावापुढे, पत्त्याच्या रकान्यात, प्रत्येकाने पोस्टातल्या आपापल्या पेटीचा नंबर लिहिला होता. पेटी बारा. पेटी एकशे तीन. या गावात पोस्टमन घरोघर फिरतच नाही, ज्याने त्याने पोस्टात जाऊन आपली पेटी उघडायची. पत्ता विचारला की माणसं पेटीच सांगतात. मर्लिस मात्र बारा वर्षं निवडणुकीत मतदार यादीच्या टेबलावर बसली होती. पेटीत माणूस राहत नाही, असं काउंटीतली कारकून बाई म्हणे आणि अशी सही सरळ खोडे.

म्हणजे दोनशे बारा सह्या उद्या संध्याकाळी केराच्या टोपलीत. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"का गं, वाचा बसली?" ड्वेन म्हणाला. "हे बघ, अजून आहेत." त्याने ऐटीत पान उलटलं.

सातव्या ओळीवर तिची नजर अडली. आर्डिस टॉर्गर्सन. पेटी नंबर एक्केचाळीस. त्या पेटीची किल्ली या क्षणी मर्लिसच्याच खिशात होती.

आई. सव्वीस वर्षं याच जेवणघरात तिने मुलांना वाढलं. गेली नऊ वर्षं ती मर्लिसच्या घरी राहत होती, आणि मंडळाच्या बैठकीपासून महिनाभर तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. वाढायची, भांडी आवरायची, खोलीत जायची. मर्लिसला फार लागलं होतं ते. आणि आता ती बोलली होती, ते इथे. तेही उद्या कुणी परकी बाई लाल पेनाने खोडणार होती.

मर्लिसने गॅस बारीक केला.

"पेटीचे नंबर चालत नाहीत, ड्वेन. राहत्या घराचा पत्ता लागतो. ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने खोडून लिहायला हवा."

ड्वेनचा घास तोंडातच राहिला. "थट्टा करतेस?"

"काउंटीला फोन लाव हवं तर. आज रविवार आहे, कुणी उचलणार नाही. आणि इथे मात्र सगळे बसलेत, सिरप संपेपर्यंत."

"अगं, हे हात दाखवून अवलक्षण झालं."

"झालं ना? मग जा आता, हाका मार सगळ्यांना."

ड्वेनने खुर्चीवर चढून सांगितलं, कुणी सांगितलं तेही सांगितलं. मग बाकं सरकली. माणसं टेबलाशी रांग लावू लागली. ती रांग मर्लिसच्या तव्यासमोरूनच जात होती. कुणी तिच्याकडे पाहिलं, कुणी ताटलीत बघत पुढे सरकलं. एकाने "थँक यू" म्हटलं आणि तो स्वतःच ओशाळला.

आर्डिस सगळ्यांत शेवटी, वॉकर ढकलत आली. तिने पेटीचा नंबर खोडला, पेन टेकवलं आणि थांबली. नऊ वर्षांत त्या घराच्या नंबरची तिला कधी गरजच पडली नव्हती.

"मर्लिस," तिने हाक मारली. "आपल्या घराचा नंबर काय गं?"

महिन्यातलं पहिलं वाक्य. मर्लिस एप्रनला हात पुसत टेबलापाशी गेली.

"चारशे सात," ती म्हणाली. "बर्च रोड."

आर्डिस सावकाश लिहू लागली. मर्लिसने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"सात नीट काढ, आई," ती म्हणाली. "एक वाटतोय."