टप्पा न पडणारा चेंडू

"ऊठ. मैदानावर चल," ऑस्बर्ट लिबर्ड दारातूनच म्हणाला. त्याच्या हातात आपल्या मेलेल्या मुलाची, आमाउरीची, बॅट होती.

एलादियो जेवणावरून उठला. ताटातला भात तसाच राहिला. त्याची आई ओलिंपिया धावत मध्ये आली.

"मिस्टर, पाया पडते तुमच्या. त्यानं मुद्दाम नाही केलं हो. आमाउरी त्याला भावासारखा होता."

"मला काय ते ठाऊक नाही?" म्हातारा म्हणाला. "चेंडू घे, पोरा."

एलादियोनं चेंडू घेतला. म्हातारा आपल्याला मारायला नेतोय, असं त्याला वाटलं. वाटलं एवढंच. भीती काही वाटली नाही.

गळीत हंगाम संपला होता. साखर कारखान्याचं धुराडं थंड होतं आणि वस्तीतली कामाविना माणसं ओट्यांवर बसून होती. दोघं पुढून गेले, तेव्हा कुणी हाकही मारली नाही. त्या रविवारच्या बेसबॉलच्या सामन्यात सगळेच हजर होते. एलादियोच्या हातातून चेंडू जरा आत, फलंदाजाच्या अंगाकडं निसटला होता. आमाउरीच्या डोक्यावर साधी कापडी टोपी होती. कानशिलावर आवाज झाला आणि तो पडला तो उठलाच नाही.

मग पोलीस येऊन गेले. पाद्रीबाबा येऊन गेले. खेळात होतं असं, म्हणाले. माणसं आपसांत मात्र एकच विचारत राहिली : पोरगा बाजूला का झाला नाही? एलादियो काहीच विचारत नव्हता. आई वाढेल ते खायचं, नाही तर नाही. उजवा हात खांद्याला नुसता टांगल्यासारखा वाटायचा.

आमाउरी होता तेव्हा दुकानाच्या पायरीवर रोज वाद रंगायचा. ऑस्बर्ट ऊसतोडीसाठी नेव्हिस बेटावरून इथं आलेला. तिकडची माणसं क्रिकेटवाली. कारखान्याचा क्रिकेट संघ होता तोवर डावाची सुरुवात तोच करायचा.

"तुमचा बेसबॉल म्हणजे अर्धा वेळ बाकावर बसायचं," तो म्हणे. "आम्ही सकाळपासून सांजेपर्यंत उन्हात. झेल उघड्या हातानं. ही बोटं बघा, एक तरी सरळ आहे का?"

"आणि मध्येच चहा!" दुकानदार डोळा मारी.

"चहा तर चहा. पण आमचा चेंडू टप्पा पडून कुठंही वळतो. तुमचा सरळ हवेतून येतो. त्यात बघायचं काय?"

"बघायला सवड कुठंय, पप्पा?" आमाउरी हसे. "या एलादियोचा चेंडू पापणी लवायच्या आत मागच्या जाळीत असतो. दिवसभर उभं राहणं सोपं, तेवढं बघणं अवघड."

बापलेकांचं कधी एकमत झालं नाही. दुकानात हसं मात्र व्हायचं.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. म्हातारा मुलाच्या, फलंदाजाच्या जागेवर जाऊन उभा राहिला. एलादियो चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्यावर चढला.

"टाक."

एलादियोनं हलकेच टाकला. म्हाताऱ्यानं बॅटही हलवली नाही.

"असा टाकला होतास त्याला?"

"नाही."

"मग तसा टाक."

"मिस्टर, लागला तर?"

"लागला तर लागला."

"मरायचंय का तुम्हाला?"

"मला बघायचंय," म्हातारा म्हणाला. "बाजूला व्हायला वेळ होता की नव्हता, तेवढंच बघायचंय."

एलादियोनं जाळीपाशी पडलेला चेंडू आणला, पुन्हा उंचवट्यावर चढला आणि हात मागं नेला. म्हाताऱ्यापासून लांब, पलीकडच्या कडेवर नेम धरला आणि सगळा जोर लावून चेंडू सोडला. म्हातारा मागं झाला नाही. त्याचा डावा पाय पुढं पडला, गुडघा वाकला, डोकं चेंडूच्या वाटेवर झुकलं. चेंडू त्याच्या नाकासमोरून गेला आणि जाळीवर आदळला.

"मागं व्हा ना!" एलादियो ओरडला. कितीतरी दिवसांत त्याचा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता.

म्हातारा तसाच वाकून आपल्या पायाकडं बघत होता. मग तो सरळ झाला.

"पुन्हा टाक. आता मी मागं सरतो."

एलादियोनं चेंडू आणून म्हाताऱ्यापासून आणखी लांब टाकला. पाय पुन्हा पुढंच पडला. म्हाताऱ्यानं बॅट खाली ठेवली, दोन्ही हातांनी मांडी धरली आणि हळूहळू मातीत बसला. एलादियो धावत त्याच्याजवळ गेला.

"आमच्या खेळात चेंडू आधी जमिनीला लागतो," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "जिथं टप्पा पडेल तिथं पाय न्यायचा, वर डोकं न्यायचं. मागं सरला तो संपला. पोर चालायला लागलं तेव्हापासून अंगणात मी त्याला हेच घोटून घेतलं. बेसबॉल खेळायला लागला तरी म्हणायचो, पाय पुढं घे, भित्र्यासारखा मागं पळू नकोस." त्यानं मान वर केली. "तू समोर होतास. तूच बघितलंस. त्याचाही पाय असाच पुढं आला ना?"

एलादियोनं ते बघितलं होतं. आता पुन्हा लख्ख दिसलं. आमाउरीचा डावा पाय पुढं पडला होता, गुडघा वाकला होता, डोकं चेंडूच्या वाटेवर आलं होतं. आत कुठं तरी कळ उठली, इतक्या दिवसांतली पहिली. म्हातारा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"नाही, मिस्टर," एलादियो म्हणाला. "तो मागं सरत होता. माझाच चेंडू त्याच्या मागोमाग गेला."