कुंड्यांच्या अलीकडे

“कुत्रा आत चालत नाही, मॅडम,” वेटर म्हणाला.

“आत कोण जातंय? आम्हाला बाहेरच बसायचंय.”

“बाहेर म्हणजे पण आतच धरतात. या कुंड्या दिसतायत ना, त्यांच्या अलीकडे हॉटेल. पलीकडे रस्ता.”

लेकीने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. “अहो, सकाळी मी फोन केला होता. खुशाल आणा म्हणाले.”

“ते सकाळच्या पाळीतले असतील. ते सगळ्यांनाच हो म्हणतात.”

हे सगळं आपल्याबद्दल चाललंच नाहीये, अशा चेहऱ्याने आई पट्टा हाताला गुंडाळून उभी होती. तिच्या पायाशी ढब्बू फतकल मारून बसला होता. तपकिरी, जाडजूड, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेला. कितीतरी दिवसांनी आई बाहेर जेवायला तयार झाली होती, आणि तीही एकाच अटीवर: हा बरोबर येणार. “नाहीतर तू जेवून ये आणि कसं होतं ते मला फोनवर सांग,” असं ती सरळ म्हणाली होती.

शेवटी बरीच घासाघीस होऊन कुंड्यांना लागून असलेलं कडेचं टेबल मिळालं. आईची खुर्ची हॉटेलात, ढब्बू रस्त्यावर, आणि पट्टा दोन कुंड्यांच्या मधून. सूप येईपर्यंत ढब्बूने आधी डोकं आणि मग एकेक करून पुढचे दोन्ही पाय अलीकडे घेतले. आता तो हॉटेलात होता की रस्त्यावर, हे वेटरलाही सांगता आलं नसतं.

“अहो, त्याला जरा आवरता का?”

शेजारच्या टेबलावरचा माणूस होता. त्याच्या बायकोने दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले होते आणि ताटली मांडीवर धरली होती.

“तो काही करत नाही हो,” लेक म्हणाली.

“सगळे हेच म्हणतात. हिला जो चावला, त्याचा मालकही हेच म्हणाला होता.”

“म्हातारा आहे हा. धड चालवत नाही त्याला.”

“चालायला नाही लागत, तोंड उघडलं की झालं. हॉटेलं माणसांसाठी असतात की नाही आता?”

“मग तुम्ही आत बसा ना!”

“आम्ही का उठायचं?”

तेवढ्यात वेटर आला. “मी म्हटलं होतं, मॅडम,” एवढंच तो म्हणाला, पण लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चमचा आपटला. आता या वेटरला, त्या माणसाला आणि सकाळच्या पाळीतल्या त्या हो म्हणणाऱ्याला एकदमच सुनावायचं, म्हणून तिने तोंड उघडलं.

“बरोबर आहे त्यांचं,” आई म्हणाली.

“आई! तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?”

आईने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती त्या माणसाशी बोलत होती. “इतकी वर्षं मी घरात हेच ओरडत होते. सोफ्यावर केस, चादरीवर केस, धुतलेल्या कपड्यांवर केस. एक तर हा राहील नाहीतर मी, असंही म्हणून झालं. ह्यांनी कधी ऐकलं नाही. नुसते हसायचे.”

“मग घरी ठेवून यायचं,” तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज मात्र जरा उतरला होता.

“ठेवला होता ना. ह्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा घरीच ठेवला होता. जाताना ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, आलोच हं.” आईने सुपात चमचा फिरवला. “आता मी नुसती पिशवी उचलली तरी हा दारात आडवा पडतो. परवा दूध आणायला गेले, तर दार ओरबाडून पायातून रक्त काढलं त्याने. मी सांगते त्याला, आलेच हं म्हणून. त्याचा विश्वास बसत नाही. कसा बसेल?”

रक्ताचं लेकीला माहीत नव्हतं. वेटरने जवळचं रिकामं, स्वच्छ टेबल पुन्हा एकदा पुसलं.

“असू दे,” त्या माणसाची बायको हळूच म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती. “पण त्याचं तोंड इकडे नको. मला दात दिसायला नकोत त्याचे.”

आई गुडघ्यावर हात देत उठली आणि दोन्ही हातांनी ढब्बूला ढकलायला लागली. “फीर, मेल्या. बाईंना तुझं थोबाड बघायचं नाहीये. आणि मला तरी कुठे बघायचंय!” ढब्बूला ते मुळीच पटलं नव्हतं, पण अखेर तो वळला आणि हॉटेलकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसला. त्या बाईने एक पाय खाली सोडला. दुसरा वरच ठेवला.

सूप निवलं होतं. लेकीने ते बदलून मागवलं नाही. वेटरला काही सांगायचं तिच्यात त्राणच उरलं नव्हतं. ती खाली मान घालून जेवू लागली.

थोड्या वेळाने तिने वर पाहिलं. रस्ता वाहत होता. बायका गेल्या, पोरं गेली, सायकली गेल्या; ढब्बू पायांवर हनुवटी टेकून ढिम्म. मग पलीकडून एक वयस्क, किंचित वाकलेला माणूस सावकाश चालत आला, तसे ढब्बूचे कान उभे राहिले. माणूस जवळ आला, पुढे गेला. ढब्बूने हनुवटी पुन्हा पायांवर टेकली.

आईने हातातला घास तोंडात घातला आणि तीही पुन्हा ताटलीत बघू लागली.