दहाचा गठ्ठा

"तुमच्या मुलीच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय," बाई सगळ्या पालकांसमोर मला म्हणाल्या. "तेवीसमधून आठ वजा करायला सांगितले की बाकीची पोरं बोटांवर मोजून मोकळी होतात. ही बया गठ्ठा कुरवाळत बसते! वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, तिनातून आठ जात नाहीत, तर दहाचा एक गठ्ठा सोडायचा. आता पुन्हा पहिलीतच बसवते तिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दाखव गं करून," मी लेकीवरच खेकसले.

टेबलावर दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या होत्या. तिने एक गठ्ठा उचलला, नखांनी खरवडला, दातांनी ओढला आणि रडवेली होऊन खाली ठेवला.

"बघितलंत?" बाई फणकारल्या.

मी तो गठ्ठा उचलला आणि त्याचं रबर काढून टाकलं. तरी एक काडी सुटेना. मग मी दोन्ही हातांनी जोर लावला.

"अहो, मोडाल!" बाई किंचाळल्या. "पोरं काड्या हरवतात, म्हणून मी सगळे गठ्ठे डिंकाने पक्के चिकटवून टाकलेत."