हसणारा म्हातारा

ग्रंथालयाच्या फोटोंमध्ये काय काय दिसतंय ते मशीन ओळखून शब्दांत लिहायचं, आणि शोधणाऱ्याला नेमका फोटो सापडावा म्हणून तो ते शब्द तपासायचा. आज रस्त्यांचे नवे फोटो आले होते. एका फोटोखाली मशीनने लिहिलं होतं, 'खिडकी, गज, हसणारा म्हातारा'. तो फोटो मोठा करून पाहत राहिला. त्याने 'हसणारा' पुसून 'ओरडणारा' लिहिलं.

"अरे, फोटोत तुला आवाज ऐकू येतो का?" मागून मॅडम म्हणाल्या. "चांगला तोंडभर हसतोय की म्हातारा! राहू दे तसंच."

"हसत नाहीयेत ते, मॅडम."

"तुला काय माहीत?"

"वडील आहेत माझे. एकटे बाहेर पडले की रस्ता विसरतात, म्हणून रोज बाहेरून कुलूप लावून येतो मी."