सातव्या भागातलं मरण

संध्याकाळी सहा वाजता 'ध्रुवयान' मालिकेतली ईशान्या पुन्हा जिवंत होणार होती. सातव्या भागात तिने गळक्या कप्प्याचा दरवाजा आतून लावून घेतला, यान वाचवलं आणि स्वतः मेली. ते बघून लाखो लोक रडले. प्रेक्षकांच्या मनगटावरच्या पट्टीला रडणं म्हणजे नापसंती वाटायची, आणि नापसंत प्रसंग मालिका आपोआप बदलून टाकायची.

इस्लामपूरच्या चाहता मंडळात रुक्सानाने पेढे वाटले. "वाचली आपली पोरगी!"

हेमलताने पेढा घेतला नाही. "तिने दार लावलं ते लावलंच. धरणाच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा माझ्या भावाने हेच केलं. उद्या लोक म्हणतील, त्यालाही बाहेर पडता आलं असतं, वेंधळाच होता."

रुक्सानाने पेढ्यांचा पुडा मिटला. "मग काय करायचं, हेमाताई?"

"पुन्हा बघायचं. प्रत्येक बघणं मोजलं जातं. डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही."

पहिल्या खेपेला सगळ्यांच्याच पट्ट्या लाल झाल्या. मग बार्शी, मिरज, परभणीच्या मंडळांनाही निरोप गेले. पाचव्या खेपेला ईशान्याने दार लावलं, तेव्हा हेमलता ताठ बसली होती आणि तिच्या मनगटावर हिरवा दिवा होता.

सहाला पडद्यावर अक्षरं उमटली : सातवा भाग कायम.

सगळे ओरडले. हेमलताने पट्टी सोडली आणि रुक्सानाच्या हातात दिली.

"ही जरा धर," ती म्हणाली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भावासाठी हंबरडा फोडला.