डब्यातली गुरगुर

टेबलावरचा बिस्किटांचा डबा पुन्हा गुरगुरला.

मालकाने हातातलं पेन आपटलं. पत्र्याच्या त्या डब्यात सकाळी त्याने स्वतःच्या हाताने तिघांचे फोन टाकले होते: कापड कापणाऱ्या मास्तरांचा आणि शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या दोघी जावांचा. आवाज बंद केले तरी फोन थरथरायचेच, आणि पत्र्यात ती थरथर दुप्पट व्हायची. फोन काढून घेतले की कटकट जाईल असं त्याला वाटलं होतं. कटकट कुठली जाते! ती उठून त्याच्याच टेबलावर येऊन बसली होती.

पडदे शिवायचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या तोंडाशी मालकाची काचेची केबिन. काल या खोलीत घात झाला होता. हॉटेलच्या पडद्यांचं महागडं कापड, थरावर थर रचलेलं. त्यावर खडूच्या दोन रेघा: आतली दुमडायची, बाहेरची कापायची. मास्तरांनी कटर चालू केला, मध्येच थांबले, खिशातून फोन काढून बघितला, आणि पुन्हा कटर लावला तो आतल्या रेघेवर. सगळे पडदे वीतभर आखूड. मालकाने हे खोलीत लावलेल्या कॅमेऱ्यातून आपल्या फोनवर धडधडीत पाहिलं होतं. तो धावत जाईपर्यंत कापडाचा निकाल लागला होता.

आज संध्याकाळी हॉटेलचा माणूस पडदे न्यायला येणार होता. मास्तर सकाळपासून खाली पट्टी जोडून ते लांब करत होते. पट्टी जुळली तर ऑर्डर वाचणार होती. मास्तर मात्र वाचणार नव्हते. "उद्यापासून येऊ नका," असं आज त्यांना सांगायचंच, हे मालकाने ठरवून टाकलं होतं.

सांगायचं, पण कुठल्या तोंडाने? मास्तर वडिलांच्या वेळचे. मालकाच्या हातात पहिली कात्री त्यांनी दिली होती, आणि त्याने बोट कापून घेतलं तेव्हा चिंधीही त्यांनीच बांधली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आला. खुर्चीत बूड टेकवेना. हाताला काही चाळा हवा म्हणून त्याने फोन उचलला, कॅमेऱ्यात तिघांना बघितलं, काहीबाही टाइप केलं आणि फोन ठेवला.

डबा गुरगुरला.

"यांच्या गणगोताला दुसरे उद्योगच नाहीत," तो स्वतःशीच करवादला. मास्तर पट्टीवर वाकलेले होते. त्यांची पांढरी मान बघून त्याला कसंतरीच झालं. त्याने नजर पुन्हा फोनमध्ये घातली. कॅमेऱ्यात धाकटी जाऊ थोरलीच्या कानाशी लागून हसत होती. त्याने आणखी चार शब्द बडवले. डबा असा थरथरला की टेबलाच्या कडेपर्यंत सरकला.

आता मात्र मालकाच्या अंगाचा तिळपापड झाला. रागाच्या पाठोपाठ एक विचारही आला. हे मेसेज मास्तरांनाच येत असले तर? मग आपल्याला तोंड उघडायलाच नको. जे आपल्याला बोलवत नाही ते हा डबाच बोलेल.

डबा काखेत मारून तो तरातरा खोलीत आला. मशीन थांबल्या.

"ज्याच्यापायी हा सकाळपासून बोंबलतोय," त्याने डबा कापायच्या टेबलावर आदळला, "त्याने उद्यापासून कामावर यायचं नाही. जुनं-नवं, लहान-मोठं, मी काहीएक बघणार नाही."

बोलताना त्याने मास्तरांकडे बघायचं टाळलं. मास्तरांनी मात्र ओळखलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

थोरलीने डबा उघडून आपला फोन बघितला. धाकटीने आपला बघितला. दोघींची नजरानजर झाली.

"गप्प का? वाचा की!"

"'पट्टी कुठवर आली?'" थोरली चाचरत वाचू लागली. "'हसणं बंद, हात चालू.' 'कुणीच उत्तर का देत नाही?'" ती थांबली. "सगळे तुमचेच आहेत, मालक. आपल्या ग्रुपवरचे."

मालकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आजचं सोडा," तो म्हणाला. "सवयीने हात जातो माणसाचा. काल काय पेटलं होतं? कटर हातात असताना फोन बघायची गरज काय होती?"

"न बघून कसं चालेल?" धाकटीला राहवलं नाही. "मेसेजवर लगेच अंगठा आला नाही की तुम्हीच फोन करून झापता."

"तू थांब गं," मास्तर म्हणाले. "रेघ मी चुकलो, मालक. दुसऱ्याला कशाला बोल लावायचा? पट्टी झाली की मी निघतो."

इतक्या दिवसांचं माणूस, आणि एवढ्या साध्या शब्दांत निघालं! तरी त्याने डब्यात हात घातलाच. कालचा मेसेज कुणाचा होता, ते त्याला बघायचंच होतं. मास्तरांच्या फोनला कधीच कुलूप नसे. तो आजचे मेसेज मागे सारत कालवर आला. कापड कापलं त्या वेळेला एकच मेसेज आला होता.

"मास्तर, कटर चालू असताना फोन बघत जाऊ नका. वाचलंत की अंगठा टाका."

खाली मास्तरांचा अंगठा होता.