तेरावा थर

मंगळावरचा सहावा घुमट संध्याकाळपर्यंत रिकामा करायचा होता. सततच्या वादळांनी भिंत छताकडे वळते त्या वाकणावरचा ताण वाढलाय, सतरा दिवसांत तिथले राळेत भिजवलेल्या कापडाचे थर सुटतील, असं गणकयंत्राने सांगितलं होतं. यंत्र म्हणेल तोच तिथला कायदा. सगळे निघाले. तो घुमट स्वतःच्या हातांनी घडवलेल्या केशरमावशी मात्र दारातच बसून राहिल्या.

"मावशी, उठा ना," अधिकारी सोनटक्के काकुळतीला आला.

"तुझ्या यंत्राने थर किती धरलेत?"

"नकाशात आहेत तेवढेच. बारा."

"वाकणावर तेरा आहेत. उरल्या कापडाची एक पट्टी तिथे चिकटवल्याशिवाय आम्ही हात धूत नाही. तुझं यंत्र कधी राळेत हात घालून बसलंय?"

सोनटक्क्याने तेरा थर धरून पुन्हा गणित करायला लावलं. घुमट चाळीस वर्षं टिकणार होता. तरी त्याचा चेहरा उतरला.

"पण नकाशाबाहेरचं काम म्हणजे गुन्हा, मावशी. नोंद करावी लागेल. तुमचा परवाना जाईल."

"कर की नोंद. चांगली ठळक अक्षरांत कर." मावशींनी पदर खोचला. "आणि त्याखाली बाकीच्या अकरा घुमटांचीही नावं लिही. तेही तशाच पट्टीवर उभे आहेत."